माजी खासदार, बारा सुतार आणि गणपतीची रजा

हे मला आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं! दिवाळी अंकाच्या संपादक काकू म्हणाल्या, "सावकाश लिही गं, अजून दहा दिवस आहेत." दहा दिवस? माझं पोट फुटेल. म्हणून कुवेतमधल्या बनेद अल-गारच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर बसून मोबाईलवर दोन्ही अंगठ्यांनी टाइप करतेय. आई शेजारी भाजी निवडतेय आणि मधेमधे म्हणतेय, "आधी तुझी नोकरी काय ते सांग, लोकांना कळायला नको?"

तर माझी नोकरी. दस्मानला आमच्या कंपनीचं ऑफिस आहे. कंपनी जुन्या इमारती दुरुस्त करायची कंत्राटं घेते. मी तिथे कामगार विभागात आहे. तीन वर्षं झाली. म्हणजे या अंकात बाकीचे काका लोक तीस-तीस वर्षांच्या नोकऱ्यांवर लिहिणार आणि मी तीनवर! चालेल. कारण माझा बॉस ऑस्ट्रेलियाचा माजी खासदार आहे. खरंच. तिथल्या दिल्लीतल्या, म्हणजे कॅनबेराच्या संसदेत बारा वर्षं बसलेला माणूस आमच्याकडे कामगारांच्या तक्रारी ऐकतो.

त्याचं नाव ग्रेग. मी त्याला ग्रेगच म्हणते. आईला हे अजून पचलेलं नाही. "अगं, खासदार होते ना ते? साहेब तरी म्हण!" मी एकदा म्हणून बघितलं. तो मागे वळून बघायला लागला, कोण साहेब आला म्हणून. त्यांच्याकडे मतदार रस्त्यात अडवून "ए ग्रेग, माझ्या गल्लीतल्या खड्ड्याचं काय?" असं विचारतात म्हणे. खड्डा नगरपालिकेचा असतो, तरी उभं राहून ऐकायचं.

तो मूळचा इलेक्ट्रिशियन. छोट्या गावातला. दोनदा निवडणूक हरला, तिसऱ्यांदा जिंकला. मतदारसंघ एवढा मोठा, की एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला गाडीने दोन दिवस. मंत्री कधीच झाला नाही. शेवटी हरला, तेव्हा दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन स्वतः खांबाखांबावरचे आपले फोटो उतरवत फिरला. "आपण लावलेला पसारा आपणच आवरायचा," म्हणाला. बायकोला इथल्या शाळेत नोकरी लागली, तिच्या मागून हा कुवेतला आला, सहा महिने घरी बसून कंटाळला आणि आमच्या मुदीरने, म्हणजे मोठ्या मॅनेजरने, त्याला ठेवून घेतलं.

पहिल्याच आठवड्यात त्याने माझ्याकडे काय मागितलं असेल? लॅपटॉप नाही, केबिन नाही. घडीचं टेबल! तिकडे खासदार शनिवारी सकाळी सुपरमार्केटच्या दारात घडीचं टेबल टाकून बसतो. लोक दूध घेऊन जाता जाता थांबतात, शिव्या घालतात, काम सांगतात. ग्रेगने तेच केलं. दर बुधवारी कामगारांच्या कॅम्पात, कॅन्टीनच्या दाराशी टेबल टाकायचं, चार खुर्च्या, एक वही. त्याच्या शेजारी मी, हिंदी-मराठी सांगायला.

पहिले तीन बुधवार कुणी फिरकलं नाही. सगळे लांबून बघायचे आणि ताट घेऊन दुसऱ्या दाराने जायचे. चौथ्या बुधवारी एक रंगारी आला, बसला, चहा प्यायला, "कुछ नहीं साब," म्हणून गेला. पुढच्या बुधवारी तेच. मी वैतागले. ग्रेग म्हणाला, "येऊ दे. तो मोठी गोष्ट सांगायच्या आधी माझा अंदाज घेतोय." सातव्या बुधवारी त्या रंगाऱ्याने सांगितलं. मोठी गोष्ट काय? त्यांच्या मजल्यावर आरसा नव्हता! चाळीस माणसं मोबाईलच्या कॅमेऱ्यात बघून दाढी करत होती. ग्रेगने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या गाडीतून आरसा नेला, स्वतः भोकं पाडून बसवला. त्यानंतरच्या बुधवारी टेबलासमोर रांग! (मीच खुर्च्या कमी पडल्या म्हणून बादल्या उलट्या टाकल्या.)

याच टेबलावर मला सदाभाऊ भेटले.

आमचं सध्या अहमदीला काम चाललंय. तिथले जुने स्टाफ बंगले आहेत ना, त्यांची दारं-खिडक्या नव्याने करायच्या. चोवीस सुतार आहेत. बारा आपल्या कोकणातले, सगळे सावंतवाडीच्या आसपासच्या दोन-तीन गावांतले, आणि बारा नेपाळचे. सदाभाऊ कोकणातल्यांत सगळ्यांत मोठे, पन्नाशीचे. मी त्यांच्याशी हिंदीत बोलायला लागले, तर म्हणाले, "बाय, तू मराठी ना? मगे मराठीत बोल. हिंदीत माका अर्धाच सांगूक येता."

मी कुवेतमध्येच वाढलेली. आई मराठीत विचारायची, मी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. खरं सांगते, माझं मराठी त्या टेबलावर परत आलं.

सदाभाऊंची गोष्ट अशी. वर्षाला महिन्याची रजा सगळ्यांना मिळते, पण कधी घ्यायची ते कंपनी ठरवते. आणि नियम असा, की एका कामाचे तीनच जण एका वेळी जाणार. आता कोकणातल्या बारा जणांना रजा कधी हवी? गणपतीत! सगळ्यांना! मग पोरं काय करायची? अर्जात लिहायची, आजोबा वारले. आई सीरियस. मी जुन्या फायली काढून बघितल्या तर हसावं की रडावं कळेना. एकाचे आजोबा चार वेळा वारलेले, चारही वेळा भाद्रपदात. साहजिकच आमचे रजांचे मॅनेजर सामीसाहेब, इजिप्तचे, वीस वर्षं या खुर्चीवर, ते त्या दिवसांत त्या गावांचा कागद दिसला की न वाचताच बाजूला ठेवायचे.

सदाभाऊंच्या फायलीत मात्र पाच वर्षं एकच वाक्य. कारण: गणपती. आणि पाच वर्षं त्यावर एकच शिक्का, नामंजूर.

मी म्हटलं, "सदाभाऊ, तुम्ही पण काहीतरी लिहायचं ना."

"काय लिवू? बापूस मेलो म्हणान लिवू? बापूस थंय गणपतीची माटी बांधता हा, आणि मी हंय तेका मारून टाकू? माका नाय जमाचा."

(माटी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधतात ती फळा-पानांची चौकट.) मग हळूच खरं सांगितलं. वडील ऐंशीचे. गुडघे गेले, पाटावर बसून पूजा होत नाही. घरात दुसरा पुरुष नाही. भावकीने बैठक घेऊन ठरवलं होतं: या वर्षी सदा आला नाही, तर त्यांच्या घरचा गणपती चुलत्याच्या घरी जाणार. कायमचा. ज्यांना कोकण माहीत नाही त्यांना सांगते, हे म्हणजे नुसती मूर्ती शेजारी नेणं नाही. त्या घरात मग दिवाही मोठा लागत नाही, पाहुणाही येत नाही. सदाभाऊ म्हणाले, "बापूस फोनवर काय बोलना नाय. नुसतो विचारता, माटी मोठी बांधू की बेताची?"

मी ग्रेगला हे सांगताना रडले. ऑफिसात रडू नये वगैरे ठीक आहे, पण रडले. ग्रेगने नाक पुसायला टिश्यू दिला आणि विचारलं, "बाकीच्या बारा जणांना कधी जायचंय?"

"कुठले बाकीचे?"

"नेपाळचे."

मला माहीतच नव्हतं! कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्यांचा फोरमन टेक दाई, दाई म्हणजे मोठा भाऊ, त्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "दशैं में, मैडम। हमारा दसरा। और कब?"

गणपती आधी, दशैं नंतर! ग्रेग टेबलावर हात आपटून ओरडला, "पेअर!"

आता हा पेअर प्रकार सांगते. ग्रेग संसदेत व्हीप होता. व्हीप हा शब्द गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही पाठ झालाय, पण त्याचं रोजचं काम कुणी सांगत नाही. व्हीप म्हणजे मोजणारा माणूस. मतदानाला आपले किती हजर, कुणाची आई आजारी, कुणाचं विमान चुकलं, सगळं त्याच्या वहीत. आणि समजा आपला एक खासदार बायकोच्या बाळंतपणाला गेला, तर समोरच्या पक्षाचा व्हीप त्यांचा एक माणूस मुद्दाम मतदानाबाहेर ठेवतो. जोडी लावतात. दोन्हीकडे एकेक कमी, तोल तोच. कायदा नाही, करार नाही. नुसता शब्द.

मग ग्रेग खुर्चीत बसला. म्हणाला, "मी तो शब्द एकदा मोडलाय. समोरच्या पक्षातल्या एकाचे वडील शेवटच्या घटका मोजत होते. जोडी द्यायचं मी कबूल केलं होतं. ऐन वेळी मतं काठावर आली आणि माझ्या नेत्यांनी सांगितलं, देऊ नकोस. मी दिली नाही. तो थांबला, मत देऊन मग निघाला, उशिरा पोचला. आम्ही जिंकलो. तो कायदा कशाबद्दल होता हे मला आता आठवत नाही. त्याचा चेहरा आठवतो."

मी वही उघडली आणि दोन रकाने आखले.

हिशेब सोपा होता. गणपतीत कोकणचे बारा तीन आठवडे जाणार, तेव्हा नेपाळचा एकही जाणार नाही. दशैंत उलट. कामावर बारापेक्षा कमी कधीच नाहीत. प्रत्येकाला एक जोडीदार, त्याचं अर्धवट राहिलेलं दार जोडीदाराने पुरं करायचं. मी उड्या मारत कॅम्पात गेले. आणि टेक दाईने सरळ नाही म्हटलं.

"मैडम, तीन साल पहले भी इन लोगों ने बोला था, तुम रुको, दशैं में हम संभालेंगे। दशैं आया तो जो तीन गए थे, तीनों बीमार। गाँव से ही बीमार! मेरा छुट्टी कैंसल। मेरी माँ ने टीका का थाली लगाके रखा था।"

कोकणातली पोरं खाली बघायला लागली. एक जण पुटपुटला, "ताप इलो होतो." दुसरा म्हणाला, "गप रे, ताप! म्हावऱ्याचो ताप!" (म्हावरं म्हणजे मासे.) कुणी हसलं नाही.

सदाभाऊ उठले. हिंदीत, म्हणजे त्यांच्या हिंदीत, म्हणाले, "टेक भाई, ये बारा का जिम्मेदारी मेरा. एक भी नहीं आया ना, तो अगला साल मैं अर्जच नहीं देगा. कभी नहीं देगा. लिखके लो."

टेक दाईने त्यांना हाताला धरून खाली बसवलं. मग मला म्हणाला, "लिखना क्या है. ऑफिस में सबको पता है, पाँच साल इसका ही फॉर्म रिजेक्ट हुआ, क्योंकि इसने अपने बाप को नहीं मारा। इसका ज़बान चलेगा।"

मला तिथेच नाचावंसं वाटलं. ग्रेग म्हणाला, "अजून नाही. अजून मतं मोजायचीत."

मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये पाच जण. ग्रेगचा नियम ऐका, मी फ्रेम करून लावणार आहे: मीटिंग ही निर्णय घ्यायची जागाच नाही, निर्णय त्याच्या आधी घेतलेला असतो. मीटिंगमध्ये तो फक्त मोठ्याने वाचतात. म्हणजे आधी एकेकाकडे जायचं. आणि तो मला म्हणाला, "तू जा. मी गेलो तर म्हातारा गोरा भाषण देतोय म्हणतील." आणि आणखी एक सांगितलं. "माणसाला आधी त्याचं मत विचारू नकोस. त्याचं घर विचार."

साइट इंजिनियर तर लगेच तयार. एका देशाची अख्खी टीम एकदम गेलेली आणि एकदम आलेली त्याला सोयीचीच. ग्रेग दुसरा. तिसरं मत हवं होतं. मुदीर म्हणाले, सामीसाहेब हो म्हणाले तर माझं हो, आणि अकाउंट्सचे साहेब मुदीर जिकडे तिकडे. म्हणजे सगळं येऊन अडलं सामीसाहेबांपाशी. ज्यांच्याकडे पाच वर्षं आजोबा वारत होते!

मी गेले. ते पुढ्यातला कागद बाजूला न करताच म्हणाले, "बेटी, नियम माझा नाही. पण मोडला तर डोकं माझं फुटेल. आज बारा मागतात, उद्या प्लंबर मागतील."

बरोबरच होतं त्यांचं! मग ग्रेगचं वाक्य आठवलं. मी विचारलं, "सर, तुम्ही शेवटची ईद घरी कधी केलीत?"

त्यांनी पेन ठेवलं. चष्मा काढला. बोटं मोजायला लागले, एक हात संपला, दुसरा सुरू झाला. म्हणाले, "सगळ्यांच्या रजा संपल्या की मी जातो. तोवर ईद संपलेली असते." मग हात पुढे करून म्हणाले, "तुझी ती वही दाखव."

त्यांनी वही वाचली. जोडी नंबर सातमध्ये माझी चूक काढली! मी खिडकीवाल्याला दारवाला जोडीदार दिला होता, खिडकीवालाच हवा होता. स्वतःच्या पेनाने दुरुस्त केली. तेव्हाच मला कळलं, मिळालं मत! चूक सुधारणारा माणूस आपल्या बाजूला आलेला असतो. हे ग्रेगने सांगितलेलं नाही, हे माझं स्वतःचं.

मीटिंग अकरा मिनिटं चालली. मी उभी राहून वाचलं. पाच विरुद्ध शून्य! सामीसाहेबांनी एकच अट घातली: अर्जात खरं कारण लिहायचं. बारा अर्ज आले, बाराही अर्जांवर एकच शब्द, गणपती. कुणाचेही आजोबा वारले नाहीत.

ते गेले. आणि मी इथे रोज मनात मोजत बसले. कारण गोष्ट जाण्याने संपत नव्हती ना! एकजण जरी "ताप इलो" म्हणाला असता तर टेक दाईचं दशैं, सदाभाऊंचा शब्द, सगळं पाण्यात. नेपाळच्या टीमने त्या उन्हात दोघांची कामं ओढली. टेक दाई रोज विचारायचा, "फोन आया?" मी म्हणायची, "आएँगे." आतून माझी वाट लागलेली.

परतीच्या दिवशी दुपारी ग्रेग, मी आणि टेक दाई विमानतळावर उभे. गोव्याचं विमान उतरलं. बाहेर यायला लागले. एक, दोन, पाच... पिशव्या, उन्हाने रापलेले चेहरे, एकाच्या मनगटात अजून लाल दोरा. नऊ, दहा, अकरा.

अकरा.

बारावा नाही. आणि बारावा कोण? सदाभाऊ!

मी बाकीच्यांना विचारलं तर एक म्हणाला, "आमच्याबरोबरच होते, मागे राहिले." पाच मिनिटं. दहा. टेक दाई दारापाशी जाऊन उभा राहिला. ग्रेगच्या हातात वही होती, त्याने ती मिटली. पंधरा मिनिटं. मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही, आई वाचतेय.

वीस मिनिटांनी दार उघडलं आणि सदाभाऊ! ढकलगाडीवर अर्धवट उघडं खोकं, चेहरा घामेघूम. ते आल्या आल्या बोलायलाच लागले, "अरे तो कस्टमवालो! खाजां बघून विचारता, ह्या काय? मी म्हटलां हलवा, हलवा. तो म्हणता, इतक्या कोणाक? मी म्हटलां, बारा माणसांक. तेचो विश्वास बसना नाय, एकेक पुडी सोडून बघूक लागलो. मगे मी म्हटलां, खा बाबा एक. खाल्ल्यान, आणि दुसरा मागल्यान!"

खोक्यात आल्याच्या खाज्याच्या, म्हणजे गुळाच्या पाकातल्या बेसनाच्या कांड्यांच्या, बारा पुड्या होत्या. प्रत्येकीवर पेनाने एकेक नेपाळी नाव. जोडीदारांसाठी.

मी ओरडलेच, "आणि गणपती?"

"घरातच आसा, बाय." एवढं बोलून खोक्यातल्या पुड्या नीट रचायला लागले. "बापाशीन माटी ह्या वर्षी दारापर्यंत बांधल्यान. भावकी इली, बसली, जेवली. काकानच सांगितल्यान, आता कोणी हलवूचो नाय म्हणान."

मी तिथेच, विमानतळावर, टाळ्या वाजवल्या. लोक बघत होते, बघू देत! ग्रेगने वही उघडून बाराव्या नावापुढे खूण केली, आणि मग तोंड फिरवून उगाचच पार्किंगचा बोर्ड वाचत उभा राहिला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

टेक दाईने आपल्या नावाची पुडी घेतली, वास घेतला, खिशात ठेवली. सदाभाऊंच्या गाडीचा दांडा स्वतःच्या हातात घेतला आणि चालता चालता म्हणाला, "चौदह नंबर बंगले का पिछला दरवाज़ा नीचे घिसता है, सदा भाई। मेरे से नहीं हुआ। मैं परसों सबके साथ घर जा रहा हूँ, तुम देख लेना।"

सदाभाऊ म्हणाले, "देखता है. तू माँ को नमस्कार बोल."

टेक दाईची सगळी टीम गेली आणि सांगितलेल्या दिवशी सगळीच्या सगळी परत आली, कपाळावर टिळे लावून. सामीसाहेबांनी आता प्लंबरांचीही वही मागितलीय. आणि काल त्यांनी मला स्वतःचा रजेचा अर्ज दाखवला. कारण: ईद. त्यांच्या खुर्चीवर कोण बसणार, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "माझी जोडी तू."

आता तुम्ही सांगा, तुमच्यापैकी कितीजण वर्षानुवर्षं खोटे आजोबा मारताय? आणि कधी असं झालंय का, की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला त्याचा सण कधी असतो एवढंच विचारलंत, आणि तुमचं सगळं अडलेलं काम सुटलं? झालं असेल तर कळवा ना, प्लीज. नसेल झालं, तर उद्या विचारून बघा.